जहागीर सोडणारा सामुराई

सामुराई म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? तलवार, चिलखत आणि हाणामारीचे सिनेमे. पण तलवारीच्या जोरावर मिळालेलं सगळं सोडून देणारा एक सामुराई होऊन गेला. त्याचं नाव ताकायामा उकोन.

उकोनचा जन्म साधारण १५५२ चा, जपानमध्ये ओसाकाजवळचा. घराणं बौद्ध. गंमत म्हणजे त्याच्या गोष्टीचा धागा थेट आपल्या गोव्यापर्यंत येतो. सेंट फ्रान्सिस झेवियर १५४९ मध्ये गोव्याहूनच जपानला गेले होते. तिथे बिवा नावाचं तंतुवाद्य वाजवत फिरणाऱ्या, जवळजवळ आंधळ्या अशा एका गायकाला त्यांनी बाप्तिस्मा दिला. तोच लोरेन्सो. पुढे लोरेन्सोचं बोलणं उकोनच्या वडिलांना पटलं आणि १५६४ मध्ये अख्खं कुटुंब ख्रिस्ती झालं. उकोनचं नाव ठेवलं जुस्तो, म्हणजे न्यायी.

आता अकरा-बारा वर्षांच्या मुलाला धर्मांतर कितीसं कळणार? वडील म्हणाले, तो झाला. खरी परीक्षा पुढेच होती.

१५७३ मध्ये तो ताकात्सुकी किल्ल्याचा धनी झाला. तिथे एका गरिबाच्या अंत्ययात्रेत या बापलेकांनी स्वतः खांदा दिला. प्रेत उचलणं हे हलक्या समजल्या जाणाऱ्या लोकांचं काम, आणि इथे साक्षात सरदार! लोक थक्क झाले. पण याच जहागिरीत बौद्ध देवळं मोडली गेली आणि हजारोंनी धर्म बदलला. धनीच ख्रिस्ती झाल्यावर रयतेला 'नाही' म्हणता आलं असेल का?

पंधराशे सत्त्याऐंशी साली, म्हणजे १५८७ मध्ये, जपानचा सर्वेसर्वा हिदेयोशी याने फर्मान काढलं: मिशनऱ्यांनी देश सोडावा. उकोनला निरोप आला, धर्म सोड नाहीतर जहागीर सोड. तेव्हा तो आकाशीचा सरदार होता, पस्तिशीतला, लढायांत नाव कमावलेला. त्याने बंड केलं नाही की खोटं बोलून वेळही मारून नेली नाही. सरळ जहागीर सोडली. बापाने दिलेला धर्म त्या दिवशी खऱ्या अर्थाने त्याचा झाला, असं मला वाटतं.

नंतर कानाझावाच्या माएदा घराण्याने त्याला आसरा दिला. तिथे तो पंचवीसेक वर्षं राहिला. आपल्या लोकांसाठी खास गोष्ट म्हणजे किल्ले बांधण्यातला तो जाणकार होता. कानाझावा किल्ल्याच्या कामात त्याचा हात होता. शिवाय चहापान-विधीचा थोर गुरू सेन नो रिक्यू याचा तो शिष्य. म्हणजे धर्म बदलला तरी जपानीपण काही सुटलं नाही बरं का!

१६१४ मध्ये तोकुगावा राजवटीने ख्रिस्ती धर्मावर देशभर बंदी घातली. साठी ओलांडलेल्या उकोनला बायको, लेक आणि नातवंडांसह हद्दपार केलं. सुमारे ३०० जणांबरोबर तो मनिलाला पोचला. तिथे मोठं स्वागत झालं, पण तब्येतीने साथ सोडली आणि १६१५ च्या फेब्रुवारीत तो गेला. २०१७ मध्ये ओसाकाला त्याला 'धन्य' घोषित करण्यात आलं.

हॉस्टेलच्या गप्पांत धर्माचा विषय निघाला की आवाज चढतात. तेव्हा मला उकोन आठवतो. आपल्या श्रद्धेसाठी स्वतःचं सगळं सोडणारा उकोन मोठा वाटतो. पण त्याच्या राज्यात मोडलेली देवळंही आठवतात. आपल्याला हवं ते स्वातंत्र्य समोरच्यालाही द्यायचं, हा धडा त्याच्या आयुष्यातून दोन्ही बाजूंनी मिळतो.