बर्फावरचा वाटाड्या

हिवाळ्यात बीड जिल्ह्याच्या माळरानावरून मेंढ्यांचा कळप जाताना तुम्ही पाहिला असेल. कळपाबरोबर धनगर असतो आणि त्याचा कुत्राही असतो. रात्री त्या कुत्र्याच्या भरवशावरच धनगर झोपतो. परंतु ज्या प्रवासात माणसाचे प्राणच कुत्र्यावर अवलंबून असतात, असा प्रवास तुम्हांला ठाऊक आहे काय? त्याची हकीकत इब्न बतूता या थोर प्रवाशाने सांगून ठेवली आहे.

इब्न बतूता यांचा जन्म १३०४ मध्ये मोरोक्को देशातील तंजा शहरात झाला. एकविसाव्या वर्षी ते हजला निघाले आणि पुढे जवळजवळ तीस वर्षे फिरतच राहिले.

फिरत फिरत ते आजच्या रशियात पोहोचले. तिथला हिवाळा त्यांना फार जड गेला. वजू करताना दाढीवरचे पाणी गोठून जाई. अंगावर एकावर एक तीन फरचे कोट! सोबत्यांनी धरून चढवल्याशिवाय त्यांना घोड्यावर बसता येत नसे.

व्होल्गा नदीजवळच्या बुल्गार शहरापलीकडे अंधाराचा मुलूख होता. वाट चाळीस दिवसांची, सगळी बर्फाची. माणसाचे पाय आणि घोड्याचे खूर तिच्यावरून घसरत. कुत्र्यांच्या नख्या मात्र बर्फात रुतत. म्हणून व्यापारी कुत्र्यांच्या गाड्या जोडत. वाटेत गाव नाही, झाड नाही. अन्न, पाणी, सरपण सारे बरोबर न्यावे लागे. अनेकदा ती वाट तुडवलेला कुत्रा वाटाड्या असे. त्याची किंमत हजार दिनारांपर्यंत जाई. तो थांबला की सारे थांबत. मालक त्याला मारत नसे, रागावतही नसे. जेवण तयार झाले की आधी कुत्र्यांना वाढत, मग माणसे जेवत. नाहीतर तो रुसून पळून जाई आणि मालक बर्फातच मरे.

इब्न बतूतांनाही तिकडे जायचे होते; पण कष्ट फार आणि लाभ थोडा, हे पाहून त्यांनी तो बेत सोडला. एवढ्या मोठ्या प्रवाशाने हे मोकळेपणाने सांगावे, याचे नवल वाटते.

पुढे ते दिल्लीला आले. सुलतान मुहम्मद तुघलकाने त्यांना काझी नेमले. याच सुलतानाच्या दाताची कबर तुमच्या बीडजवळ आहे! १३४२ मध्ये सुलतानाचे वकील म्हणून ते चीनकडे निघाले, तेव्हा वाटेत दौलताबादला आले होते.

मायदेशी परतल्यावर त्यांनी आपला सफरनामा सांगितला आणि एका लेखनिकाने तो उतरवून घेतला. अखेरच्या काळात ते मोरोक्कोतच काझी होते.