अलेक्झांडर लुरिया : गुण न मोजता चूक वाचणारा मानसशास्त्रज्ञ



डी.एड. करताना मानसशास्त्राच्या पेपरासाठी आपण बिने, पियाजे, वायगॉट्स्की ही नावं पाठ केली. वायगॉट्स्कींसोबत दहा वर्षं काम करणाऱ्या त्यांच्या मित्राचं नाव मात्र आपल्याकडे फारसं कुणी घेत नाही. ते नाव म्हणजे अलेक्झांडर रोमानोविच लुरिया. मेंदूला इजा झालेल्या माणसाची मानसशास्त्रीय चाचणी कशी घ्यायची आणि तिच्यातून काय समजून घ्यायचं, याची एक पद्धतच त्यांनी घालून दिली. या शाखेला न्यूरोसायकॉलॉजी म्हणतात. विषय दवाखान्यातला असला तरी रोज वह्या तपासणाऱ्या माणसाला त्यातलं खूप काही ओळखीचं वाटेल.

बालपण आणि शिक्षण

लुरिया यांचा जन्म १६ जुलै १९०२ रोजी रशियात, व्होल्गा नदीकाठच्या कझान शहरात एका ज्यू कुटुंबात झाला. वडील रोमन लुरिया हे नावाजलेले डॉक्टर. मुलानेही डॉक्टर व्हावं अशी त्यांची इच्छा. पण १९१७ ची क्रांती झाली आणि शाळा-कॉलेजांची सगळी घडीच बदलली. अलेक्झांडर सामाजिक शास्त्रांकडे वळले आणि १९२१ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, कझान विद्यापीठाचे पदवीधर झाले. १९२३ मध्ये ते मॉस्कोच्या मानसशास्त्र संस्थेत दाखल झाले.

जानेवारी १९२४ मध्ये पेट्रोग्राड (आजचं सेंट पीटर्सबर्ग) इथे एक परिषद भरली होती. तिथे गोमेल या लहान शहरातून आलेल्या एका तरुण शिक्षकाचं भाषण लुरियांनी ऐकलं. तो शिक्षक म्हणजे लेव वायगॉट्स्की. लुरिया इतके प्रभावित झाले की वायगॉट्स्कींना मॉस्कोला आणण्यासाठी त्यांनी स्वतः खटपट केली. पुढे लेओन्तिएव हे तिसरे सहकारी मिळाले आणि तिघांनी मिळून मुलाच्या विकासात भाषा आणि समाज यांचं काय काम असतं, याचा अभ्यास सुरू केला.

पैकीच्या पैकी मिळवणारा माणूस

याच काळात लुरियांकडे शेरेशेव्स्की नावाचा एक वार्ताहर आला. संपादकांनी दिलेली लांबलचक कामं तो काहीही टिपून न घेता लक्षात ठेवायचा, म्हणून संपादकांनीच त्याला तपासणीसाठी पाठवलं होतं. लुरियांनी त्याला तीस, पन्नास, सत्तर शब्दांच्या आणि आकड्यांच्या याद्या दिल्या. त्याने त्या सुलट म्हणून दाखवल्या, उलट म्हणून दाखवल्या, आणि कित्येक वर्षांनी विचारल्यावरही सांगितल्या. त्याच्या स्मरणशक्तीची मर्यादा काही सापडेना.

आपण असतो तर पैकीच्या पैकी गुण देऊन मोकळे झालो असतो. लुरिया मात्र तो लक्षात कसं ठेवतो हे पाहत राहिले, तेही जवळजवळ तीस वर्षं. प्रत्येक शब्द ऐकला की शेरेशेव्स्कीच्या डोळ्यांसमोर एक चित्र उभं राहायचं. ती चित्रं पुसता पुसली जायची नाहीत. साधा उतारा वाचतानाही चित्रांची इतकी गर्दी व्हायची की अर्थ हातातून निसटायचा. ओळखीचा चेहरासुद्धा भाव बदलले की त्याला वेगळाच वाटायचा. म्हणजे पूर्ण गुणांच्या मागेही एक अडचण दडलेली होती.

उझबेकिस्तानचे शेतकरी

१९३१ आणि १९३२ मध्ये लुरिया उझबेकिस्तानच्या खेड्यांत गेले. शाळेची पायरीही न चढलेल्या शेतकऱ्यांना त्यांनी चहा पीत, गप्पा मारत काही प्रश्न विचारले. हातोडी, करवत, कुऱ्हाड आणि लाकडाचा ओंडका या चारांत वेगळं काय? आपण लगेच ओंडका म्हणू, कारण बाकीची तीन हत्यारं आहेत. शेतकऱ्यांना मात्र चारही एकत्रच हवी होती. लाकूडच नसेल तर करवतीचा उपयोग काय, असा त्यांचा सवाल.

दुसरा प्रश्न अस्वलांचा. अति उत्तरेला, जिथे बर्फ असतो, तिथली सगळी अस्वलं पांढरी असतात. नोवाया झेमल्या अति उत्तरेला आहे. मग तिथली अस्वलं कोणत्या रंगाची? यावर काहींचं म्हणणं असं की आम्ही तिथे गेलेलो नाही, जो गेला असेल त्याला विचारा.

उत्तरपत्रिकेच्या हिशेबाने दोन्ही उत्तरं चूक. पण हे लोक शेती, पाणी, व्यवहार यांत तरबेज होते. त्यांचा विचार रोजच्या अनुभवाशी बांधलेला होता, आणि वस्तूंचे गट पाडायची सवय लागते ती शाळेत. थोडंफार शिकलेल्यांची उत्तरं लगेच वेगळी यायची, असंही लुरियांना दिसलं. पण शेतकऱ्यांना कमी लेखल्याचा ठपका त्यांच्यावर आला आणि हे काम पुस्तकरूपाने यायला १९७४ साल उजाडलं.

चाचण्यांवर बंदी आणि पुन्हा विद्यार्थी

१९३४ मध्ये वायगॉट्स्की क्षयाने गेले. वय अवघं सदतीस. त्यानंतर दोनच वर्षांनी, ४ जुलै १९३६ रोजी, सोव्हिएत सत्ताधाऱ्यांनी शाळांमधल्या मानसशास्त्रीय चाचण्यांवर बंदी घातली. या चाचण्यांच्या आधारे अनेक मुलांवर मंदबुद्धीचा शिक्का मारून त्यांना वेगळ्या शाळांत टाकलं जातं, असा आक्षेप होता. आक्षेपात तथ्य होतं, पण बंदीबरोबर मुलांना समजून घेणारं चांगलं कामही बंद पडलं. वायगॉट्स्कींचं लेखनही बरीच वर्षं बाजूला पडलं.

लुरियांनी या कठीण काळात एक वेगळाच निर्णय घेतला. प्राध्यापक म्हणून नाव झालेला हा माणूस पुन्हा बाकावर बसला आणि १९३७ मध्ये वैद्यकीय शिक्षण पूर्ण करून डॉक्टर झाला. वडिलांची इच्छा अशी उशिरा पूर्ण झाली. मग मॉस्कोच्या मज्जाशल्यचिकित्सा संस्थेत (पुढे तिला बुर्देन्को यांचं नाव मिळालं) ते मेंदूच्या रुग्णांबरोबर काम करू लागले.

रुग्णांचा हा अभ्यास त्यांनी वायगॉट्स्कींबरोबरच सुरू केला होता. पार्किन्सन झालेल्या, सपाट जमिनीवर पाऊल उचलू न शकणाऱ्या रुग्णासमोर त्यांनी कागदाचे तुकडे अंतराअंतरावर ठेवले. तो रुग्ण एकेक कागद ओलांडत चालू लागला! चालण्याचा नेहमीचा रस्ता बंद झाला होता, पण दुसऱ्या रस्त्याने तेच काम जमत होतं.

युद्ध आणि जखमी मेंदू

१९४१ मध्ये जर्मनीने सोव्हिएत संघावर हल्ला केला. डोक्याला गोळी लागलेले हजारो सैनिक येऊ लागले. उरल भागात चेल्याबिन्स्कजवळ किसेगाच या गावी चारशे खाटांचं पुनर्वसन रुग्णालय उभारण्याची जबाबदारी लुरियांवर आली. तिथे महागडी यंत्रं नव्हती, मेंदूचे फोटो काढायची आजच्यासारखी सोय नव्हती. हाताशी होते कागद, पेन्सिल, काही चित्रं आणि साध्या कृती.

कृती अगदी सोप्या दिसतात. टेबलावर आधी मूठ, मग हाताची कड, मग तळवा ठेवायचा आणि हाच क्रम चालू ठेवायचा. मी दोनदा टकटक केली तर तुम्ही एकदा करायची, मी एकदा केली तर तुम्ही दोनदा. गोष्ट ऐकून पुन्हा सांगायची. वर्तुळाच्या खाली त्रिकोण काढायचा. शंभरातून सात-सात वजा करत जायचं.

खरं कौशल्य होतं ते चूक वाचण्यात. लेखनाचं उदाहरण घेऊ, म्हणजे आपल्याला चटकन समजेल. सांगितलेला शब्द लिहिणं हे वरवर एकच काम. पण त्यासाठी आवाज नीट वेगळा ऐकू यावा लागतो, तो अक्षराशी जोडावा लागतो, अक्षराचा आकार आणि दिशा आठवावी लागते, हाताच्या हालचाली एकामागून एक कराव्या लागतात, आणि शेवटपर्यंत लक्ष टिकवावं लागतं. यातला एक दुवा तुटला तरी लेखन बिघडतं, पण प्रत्येक वेळी वेगळ्या तऱ्हेने. एकाला ब आणि प यांतला फरकच ऐकू येत नाही. दुसऱ्याला आवाज कळतो, पण अक्षर उलटं पडतं. तिसरा तेच अक्षर पुन्हा पुन्हा गिरवत राहतो, त्याला पुढे सरकता येत नाही. तिघांनाही शून्य गुण, पण तिघांच्या मेंदूतली इजा वेगवेगळ्या जागी आणि उपायही वेगवेगळा. म्हणून लुरिया एका चाचणीवर कधी थांबत नसत. एका ठिकाणी आलेली चूक दुसऱ्या कोणत्या कामात दिसते आणि कोणत्या कामात दिसत नाही, हे ते ताडून पाहत.

झासेत्स्की या तरुण सैनिकाच्या डोक्यात मार्च १९४३ मध्ये गोळी शिरली. वाचन गेलं, नकाशा गेला, स्वतःच्या शरीराचा उजवा भागही त्याला नीट जाणवेना. वडिलांचा भाऊ आणि भावाचे वडील यांत फरक काय, हे त्याला उमगत नसे. एकेक अक्षर आठवून लिहिताना तो अडकून पडायचा. मग त्याला हात न उचलता, अक्षराचा विचार न करता सलग लिहायला सांगितलं गेलं. आणि शब्द उमटले! कारण सवयीची हालचाल शाबूत होती. लिहिलेलं त्याला स्वतःला नीट वाचता येत नसे, तरीही पंचवीस वर्षं धडपडून त्याने तीन हजारांच्या आसपास पानांची रोजनिशी लिहिली. चाचणीतून काय गेलं हे कळतं, तसंच काय उरलं हेही कळतं. झासेत्स्कीला उभं केलं ते उरलेल्याने.

पुढची वर्षं

१९५० च्या सुमारास राजकीय वातावरण पुन्हा गढूळ झालं आणि लुरियांना मज्जाशल्यचिकित्सा संस्था सोडावी लागली. मग त्यांनी विशेष गरजा असलेल्या मुलांच्या संस्थेत काम केलं. तिथे त्यांनी लहान मुलांच्या हातात रबरी फुगा देऊन साधे प्रयोग केले. दिवा लागला की दाब, असं सांगितलं की अगदी लहान मूल दाबतं, पण थांब म्हटलं तरी त्याला थांबता येत नाही. काही जण तर आणखी जोरात दाबतात. शब्दाने स्वतःला आवरणं हळूहळू, वयाबरोबर जमतं. पहिलीच्या वर्गात उभ्या असलेल्या प्रत्येक ताई-सरांना हे सांगायला नको!

१९५० च्या दशकाच्या अखेरीस ते मेंदूच्या रुग्णांकडे परतले. १९६२ मध्ये त्यांचा मोठा ग्रंथ आला. १४ ऑगस्ट १९७७ रोजी मॉस्कोत त्यांचं निधन झालं. त्याआधी दोन वर्षं, १९७५ मध्ये, डेन्मार्कच्या ॲन-लिझ क्रिस्टेन्सेन यांनी त्यांच्या तपासणीची पद्धत इतरांना वापरता येईल अशी नीट मांडून प्रसिद्ध केली. पुढे अमेरिकेत तिला गुण जोडून एक प्रमाणित चाचणीसंचही बनवला गेला. त्यावर वाद झाला. गुण नसतील तर दोन तपासनीसांचे निष्कर्ष जुळणार कसे, असं एका बाजूचं म्हणणं. नुसते गुण मोजले तर लुरियांची पद्धत उरतेच कुठे, असं दुसऱ्या बाजूचं. दोन्ही बाजूंत अर्थ आहे. तुलनेसाठी गुण लागतात, मदतीसाठी चुकीचा प्रकार लागतो.

आपण काय घ्यायचं?

एक गोष्ट आधी स्पष्ट करूया. चाचणी घेऊन निदान करणं हे प्रशिक्षित तज्ज्ञांचं काम आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे आणि तिचं प्रमाणपत्र ठरलेल्या यंत्रणेकडूनच मिळतं. मूठ-कड-तळवा करायला लावून कुणा मुलावर शिक्का मारायचा नाही. पालकांनीही घरी असले प्रयोग करू नयेत.

पण पाहणं आणि टिपून ठेवणं आपल्या हातात आहे. तज्ज्ञांकडे मूल पाठवताना अभ्यासात कच्चा एवढंच लिहिलं तर त्यांना काहीच कळत नाही. त्याऐवजी असं लिहावं : फळ्यावरचं बघून बरोबर लिहितो, सांगितलेलं लिहिताना चुकतो. ब-प, द-त यांत गोंधळतो. तोंडी गोष्ट छान सांगतो. पहिल्या पाच ओळी नीट येतात, नंतर बिघडतं. अशा चार ओळी दहा गुणांपैकी दोन या आकड्यापेक्षा कितीतरी जास्त सांगतात. आणि जे येतं तेही आवर्जून लिहावं, कारण मदतीची सुरुवात तिथूनच होते.

या आठवड्यात वर्गातल्या सगळ्यात मागे पडलेल्या एका मुलाची श्रुतलेखनाची वही घ्या. गुण झाका. चुका एका कागदावर उतरवा आणि सारख्या चुका एकत्र करा. पालकांनी घरी मुलाच्या शेजारी बसून, रागावता, तो नेमका कुठे थांबतो एवढंच पाहावं. त्या कागदावर पुढच्या महिन्यात काय शिकवायचं हे बहुतेक वेळा दिसू लागतं.