चुकीचे मोल जोखणारा न्यायाधीश

न्यायाधीशाने ज्युरीला कायदाच चुकीचा समजावून सांगितला आणि आरोपीला देहदंड झाला, तर अपिलात काय करावे? चुकीसाठी निकाल रद्द करावा, की पुरावा भक्कम आहे म्हणून चूक पोटात घालावी? अमेरिकी न्यायव्यवस्थेला छळणाऱ्या या प्रश्नाची सर्वांत सखोल चिकित्सा करणाऱ्यांत रॉजर ट्रेनर यांचे नाव अग्रभागी आहे.

१२ फेब्रुवारी १९०० रोजी युटा राज्यातील पार्क सिटी या खाणकामगारांच्या गावात त्यांचा जन्म झाला. बर्कलेच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातून राज्यशास्त्रातील डॉक्टरेट आणि कायद्याची पदवी संपादन करून ते तेथेच करकायद्याचे प्राध्यापक झाले. न्यायदानाचा पूर्वानुभव नसताना १९४० मध्ये त्यांची कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयावर नेमणूक झाली. आंतरवंशीय विवाहांवरील बंदी घटनाबाह्य ठरविणारा १९४८ चा निकाल त्यांच्याच लेखणीतून उतरला. १९६४ ते १९७० या काळात ते मुख्य न्यायाधीश होते.

एकेकाळी तेथील अपील न्यायालये क्षुल्लक तांत्रिक दोषावरूनही खटले उलटवीत. १८८० मध्ये आरोपपत्रातील ‘लार्सनी’ म्हणजे चोरी या शब्दात एक अक्षर गळाले, म्हणून शिक्षा रद्द झाली होती. या अतिरेकाला आवर घालण्यासाठी १९११ मध्ये राज्यघटना दुरुस्त झाली आणि न्यायाची पायमल्ली झाली असेल तरच निकाल फिरवावा, असे ठरले. मात्र लंबक दुसऱ्या टोकाला गेला. आरोपी दोषीच दिसतो, एवढ्यावर गंभीर चुकाही ‘निरुपद्रवी’ ठरू लागल्या.

ट्रेनर मुख्य न्यायाधीश असतानाच त्यांच्या न्यायालयाला याचा धडा मिळाला. चॅपमन व टील यांच्या खून खटल्यात दोघांनी साक्ष दिली नव्हती. या मौनातून प्रतिकूल अर्थ काढण्याची मुभा न्यायाधीशाने ज्युरीला दिली. चॅपमनला जन्मठेप, तर टीलला देहदंड झाला. कॅलिफोर्नियाच्या न्यायालयाने चूक मान्य करूनही दोषसिद्धी कायम ठेवली. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये ती रद्द केली. घटनात्मक चुकीचा निकालावर परिणाम झाला नाही, हे सरकार पक्षाने वाजवी संशयापलीकडे सिद्ध करावे, असा दंडक त्यातून निर्माण झाला.

१९७० मध्ये निवृत्तीच्या वर्षी ट्रेनर यांनी याच विषयावर छोटेखानी ग्रंथ प्रसिद्ध केला. आरोपी दोषी आहे का, हे अपील न्यायाधीशाने नव्याने ठरवू नये. चुकीचा निकालावर प्रभाव पडला का, हेच तपासावे, अशी त्यांची भूमिका होती. प्रभाव पडला नसल्याची दाट शक्यता असेल तरच निकाल टिकावा, ही कसोटी त्यांनी सुचविली. त्याच वेळी, परिणामाचा विचार न करता निकाल उलटविल्यास न्यायप्रक्रियेचे हसे होते, असेही त्यांनी बजावले.

१४ मे १९८३ रोजी त्यांचे निधन झाले. वाद मात्र संपला नाही. १९९३ मध्ये लुईझियानातील देहदंडाच्या खटल्यात ‘वाजवी संशया’ची व्याख्याच ज्युरीला चुकीची सांगितली गेली होती. ज्युरीचा वैध निर्णयच नाही, तर तो टिकला असता का हे विचारणे व्यर्थ, असे म्हणत सर्वोच्च न्यायालयाने एकमताने शिक्षा रद्द केली. उलट १९९९ मध्ये, गुन्ह्याचा एक घटक ज्युरीपुढे न ठेवणे ही चूक निरुपद्रवी असू शकते, असे ठरविताना त्याच न्यायालयाने ट्रेनर यांच्या ग्रंथाचा आधार घेतला. तांत्रिकतेचा अतिरेक नको आणि दोषीपणाच्या खात्रीपोटी ज्युरीचा अधिकारही हिरावू नये, हा त्यांनी साधू पाहिलेला तोल आजही तितकाच अवघड आहे.