दृष्टीचे रसायन उलगडणारे जॉर्ज वॉल्ड

साठी ओलांडलेल्या अनेकांच्या औषधांत आज डोळ्यांसाठीची एक गोळी असते. तिच्या वेष्टनावर ल्युटिन, झिॲक्झॅन्थिन, जस्त अशी नावे छापलेली असतात. आहारातील द्रव्ये आणि डोळ्याचा पडदा यांचे नाते प्रयोगशाळेत उलगडणाऱ्यांमध्ये अमेरिकी शास्त्रज्ञ जॉर्ज वॉल्ड यांचे नाव अग्रभागी आहे.

वॉल्ड यांचा जन्म १८ नोव्हेंबर १९०६ रोजी न्यूयॉर्कमध्ये एका स्थलांतरित ज्यू कुटुंबात झाला. कोलंबिया विद्यापीठात सेलिग हेश्ट यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी डॉक्टरेट मिळवली आणि १९३२ मध्ये शिष्यवृत्तीवर ते युरोपला गेले. अ जीवनसत्त्वाच्या अभावी रातांधळेपणा येतो, हे तोवर ठाऊक होते. मात्र हे जीवनसत्त्व डोळ्यात नेमके काय करते, याचा उलगडा झालेला नव्हता. बर्लिनमध्ये ऑटो वारबुर्ग यांच्या प्रयोगशाळेत काम करताना वॉल्ड यांना दृष्टिपटलातच अ जीवनसत्त्वाच्या खुणा आढळल्या. झुरिचला पॉल कारर यांच्याकडे गुरे, मेंढ्या व डुकरे यांच्या डोळ्यांवर प्रयोग करून त्यांनी त्याची खातरजमा केली.

तेथून ते हायडेलबर्गला गेले. १९३३ च्या उन्हाळ्यात प्रयोगशाळेतील मंडळी सुटीवर निघाली असताना सुमारे ३०० बेडूक येऊन पोहोचले. ते वाया न घालवता वॉल्ड यांनी प्रयोगासाठी वापरले. अंधारात जुळलेल्या दृष्टिपटलावर प्रकाश पडला की त्यातील रंगद्रव्यापासून आधी एक पिवळसर पदार्थ सुटतो आणि पुढे त्याचे अ जीवनसत्त्वात रूपांतर होते, असे त्यांना दिसले. त्या पदार्थाला त्यांनी रेटिनीन हे नाव दिले.

हिटलर सत्तेवर आल्याने ज्यू असलेल्या वॉल्ड यांना जर्मनी सोडून मायदेशी परतावे लागले. १९३४ मध्ये ते हार्वर्ड विद्यापीठात रुजू झाले आणि १९७७ पर्यंत तेथेच राहिले. रूथ हबर्ड व पॉल ब्राऊन या सहकाऱ्यांसह त्यांनी पुढचा टप्पा गाठला. प्रकाशामुळे रेटिनीनच्या रेणूचा आकार बदलतो आणि दृष्टीची क्रिया तेथूनच सुरू होते, हे त्यांनी दाखवले. रूथ हबर्ड पुढे त्यांच्या पत्नी झाल्या. या संशोधनासाठी १९६७ मध्ये वॉल्ड यांना राग्नार ग्रानिट व हाल्डन केफर हार्टलाइन यांच्यासह वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

त्यांचे आणखी एक काम आजच्या गोळ्यांशी थेट जोडलेले आहे. दृष्टिपटलाच्या मध्यभागी मॅक्युला नावाचा पिवळसर ठिपका असतो. वाचन करणे, चेहरा ओळखणे ही बारकाईची दृष्टी त्याच्यावर अवलंबून असते. हा पिवळा रंग हिरव्या पालेभाज्यांत आढळणाऱ्या झँथोफिल वर्गातील रंगद्रव्याचा असल्याचे वॉल्ड यांनी १९४५ मध्ये मांडले. ल्युटिन व झिॲक्झॅन्थिन ही त्याच वर्गातील द्रव्ये होत.

वॉल्ड केवळ प्रयोगशाळेत रमले नाहीत. व्हिएतनाम युद्धाविरुद्ध त्यांनी १९६९ मध्ये केलेले भाषण अमेरिकेत गाजले. १२ एप्रिल १९९७ रोजी मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथे त्यांचे निधन झाले.

त्यांच्या पश्चात या विषयावर मोठ्या चाचण्या झाल्या. अमेरिकेच्या राष्ट्रीय नेत्र संस्थेने २००१ मध्ये जाहीर केलेल्या निष्कर्षानुसार, क व ई जीवनसत्त्वे, बीटा कॅरोटीन, जस्त आणि तांबे यांच्या मिश्रणाने मध्यम अवस्थेतील रुग्णांचा मॅक्युलाचा ऱ्हास गंभीर अवस्थेत जाण्याचा धोका पाच वर्षांत सुमारे २५ टक्क्यांनी घटला. बीटा कॅरोटीनमुळे धूम्रपान करणाऱ्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढत असल्याने २०१३ च्या दुसऱ्या चाचणीनंतर त्याऐवजी १० मिलिग्रॅम ल्युटिन व २ मिलिग्रॅम झिॲक्झॅन्थिन सुचवण्यात आले.

तथापि या मिश्रणाची मर्यादा ओळखली पाहिजे. निरोगी डोळ्यांत हा आजार टाळण्यासाठी किंवा त्याच्या प्रारंभिक अवस्थेत त्याचा उपयोग सिद्ध झालेला नाही. मोतीबिंदूही त्याने थांबत नाही आणि गेलेली दृष्टी परत येत नाही. त्यामुळे जाहिरात पाहून गोळ्या आणण्यापूर्वी नेत्रतज्ज्ञांकडून दृष्टिपटलाची तपासणी करून घेणे श्रेयस्कर. कोणते द्रव्य डोळ्यात नेमके कोठे आणि काय काम करते, हे वॉल्ड यांनी आयुष्यभर तपासले. गोळी घेणाऱ्यानेही आपल्या डोळ्यांपुरता तोच प्रश्न डॉक्टरांना विचारायला हवा.