एका फुंकरीपुरता निर्धोक वायू

जुन्या मोटारींच्या एसीतला ‘आर-१२’ वायू वापरात आणला तो थॉमस मिजली या अमेरिकी अभियंत्याने. १८८९ साली पेनसिल्व्हेनियात जन्मलेले मिजली जनरल मोटर्ससाठी संशोधन करत. तेव्हा फ्रिजमध्ये अमोनिया, सल्फर डायऑक्साइड असे विषारी वायू असत. गळती जिवावर बेतू शके. १९२८मध्ये मिजली आणि सहकाऱ्यांनी न जळणारा, बिनविषारी पर्याय निवडला. १९३०मध्ये रसायनशास्त्रज्ञांच्या सभेत त्यांनी तो छातीत भरून घेतला आणि फुंकरीने मेणबत्ती विझवली.

१९४०मध्ये पोलिओने त्यांना अंथरुणाला खिळवले. उठण्यासाठी त्यांनी दोर-कप्प्यांची यंत्रणा बनवली; १९४४मध्ये त्याच दोरांत गळा आवळून त्यांचा मृत्यू झाला.

त्यांच्या वायूचा धोका पुढे १९७४मध्ये मोलिना आणि रोलंड यांनी दाखवला. फुप्फुसांना न बाधणारा हा वायू उंचावर ओझोनचा थर विरळ करतो. मग अतिनील किरणे वाढतात आणि त्यांच्यासोबत त्वचेचा कर्करोग व मोतीबिंदूही.

१९८७च्या मॉन्ट्रियल करारानंतर मोटारींत ‘आर-१३४ए’ आला. जुन्या गाडीत तो भरताना कॉम्प्रेसरचे तेलही बदलावे लागते. मात्र आधीचा वायू हवेत सोडू देऊ नका. यंत्राने सिलिंडरमध्ये काढून घ्यायला सांगा.