सशाचं बीज अंगाबाहेर पिकवणारे ग्रेगरी पिंकस

गीर गायीचं बीज काढून प्रयोगशाळेत वासराचा गर्भ तयार करतात, हे आता आपल्याकडच्या गोठ्यांतही बोललं जातं. पण या कामाचा पाया गायीवर नाही, सशावर घातला गेला. तो घालणारे ग्रेगरी पिंकस यांचा जन्म ९ एप्रिल १९०३ ला अमेरिकेत न्यू जर्सीतल्या वुडबाइन या ज्यू शेतकऱ्यांच्या वसाहतीत झाला. वडील शेतीतले जाणकार, तर मामा जेकब लिपमन मातीचे नावाजलेले शास्त्रज्ञ.

कॉर्नेलला पदवी, १९२७ ला हार्वर्डमधून डॉक्टरेट. मग ससे आणि त्यांची बीजं, हाच ध्यास. १९३५ मध्ये पिंकस आणि एन्झमन यांनी सशाच्या अंडाशयातली कच्ची बीजं बाहेर काढून काचेच्या भांड्यात ठेवली. सशीण नराला भेटल्याशिवाय तिचं बीज पुढं सरकत नाही. इथं मात्र नर नाही, संप्रेरक नाही, तरी बीजं १२ तासांत आपोआप पिकली. म्हणजे अंडाशयातच बीजाला अडवून धरणारं काहीतरी असतं, सुटलं की ते चालू लागतं. आज गायीचं बीज पिकवतात ते याच जोरावर.

पण त्या कामानं त्यांची नोकरी गेली. वर्तमानपत्रांनी बाटलीत माणसं बनवणारा माणूस असा गवगवा केला. हार्वर्डनं कायम केलं नाही. हाताशी बायको-पोरं, आणि नाव बदनाम. मित्र हडसन होगलँड यांनी वूस्टरच्या क्लार्क विद्यापीठात बोलावून घेतलं. १९४४ ला दोघांनी मिळून वूस्टर फाउंडेशन उभं केलं. पैसा इतका कमी, की तिथं आलेले चिनी शास्त्रज्ञ एम. सी. चँग रात्री पहारेकऱ्याचंही काम करायचे.

याच चँग यांनी १९५१ ला दाखवलं, की नराचं बीज मादीच्या अंगात काही तास राहिल्याशिवाय फळत नाही. त्यामुळे काचेत फलन झाल्याचा पिंकस यांचा १९३४ चा दावा डळमळला. आपल्याच संस्थेतल्या माणसानं आपलं चुकलेलं दाखवावं, हे सोपं नसतं. चँग मात्र शेवटपर्यंत तिथंच राहिले.

दुसरी चूक महागात पडली. माणसाचं बीजही १२ तासांत पिकतं, असं पिंकस यांनी १९३९ ला सांगितलं. पुढचे लोक त्या वेळेवर विसंबले आणि अपयशी ठरले. १९६५ मध्ये रॉबर्ट एडवर्ड्स यांनी गाय, मेंढी, डुक्कर, माकड आणि माणूस अशी बीजं जास्त वेळ ठेवून पाहिली, तेव्हा कळलं की प्रत्येकाची वेळ वेगळी. माणसाला दीड दिवस लागतो. गायीचं बीज आता ३८.५ अंश सेल्सिअसला, ५ टक्के कार्बन डायऑक्साइडमध्ये, २२ ते २४ तास ठेवतात. डुकराला ४० तासांच्या वर लागतात. उब थोडी कमी-जास्त झाली तरी बीज वाया जातं.

जगाला पिंकस माहीत झाले ते वेगळ्याच कामानं, गर्भनिरोधक गोळीमुळं. १९५६ पासून पोर्तो रिकोत तिच्या चाचण्या झाल्या. गरीब बायकांना धोक्याची पुरती कल्पना दिली नव्हती, हा डाग त्यांच्या नावावर आहेच. १९६० ला गोळीला मान्यता मिळाली.

२२ ऑगस्ट १९६७ ला रक्ताच्या आजारानं बोस्टनमध्ये ते गेले. आपल्याकडे कर्नालच्या संस्थेत प्रयोगशाळेतल्या गर्भापासून जन्मलेलं म्हशीचं पहिलं पारडू, 'प्रथम', १९९० मध्ये झालं.