वॉर्साच्या राजवाड्याचे तुकडे जपणारा इतिहासकार

१७ सप्टेंबर १९३९ रोजी सकाळी सव्वाअकरा वाजता वॉर्साच्या राजवाड्याच्या मनोऱ्यावरील घड्याळ बंद पडले. जर्मन तोफांच्या माऱ्याने वाड्याने पेट घेतला होता. वाड्यातील संग्रहाचे अभिरक्षक काझिमिएश ब्रोक्ल त्याच दिवशी ठार झाले. आगीतून चित्रे, शिल्पे व सामान बाहेर काढण्याच्या कामाचे नेतृत्व ज्यांनी केले, ते स्तानिस्वाव लोरेंत्स तेव्हा चाळीस वर्षांचे होते.

१८९९ मध्ये राडोम येथे जन्मलेले लोरेंत्स कलेतिहासाचे अभ्यासक. विल्नो, म्हणजे आजच्या विल्नियस शहरात ते काही वर्षे स्मारकांचे संरक्षक अधिकारी होते. १९३१ च्या महापुरानंतर तेथील कॅथेड्रलखाली राजघराण्यातील व्यक्तींच्या कबरी सापडल्या, त्या काळात ते तेथेच कार्यरत होते. पुढे वॉर्साच्या राष्ट्रीय संग्रहालयाची सूत्रे त्यांच्याकडे आली आणि १९८२ पर्यंत त्यांच्याकडेच राहिली.

आगीनंतरही राजवाडा दुरुस्त होण्याजोगा होता. मात्र ऑक्टोबर १९३९ मध्ये तो उडवून देण्याचा आदेश हिटलरने दिला. याच वाड्यात १७९१ ची राज्यघटना मंजूर झाली होती, त्यामुळे पोलिश राज्याची खूण म्हणूनच तो नष्ट करायचा होता. जर्मन कलातज्ज्ञांच्या देखरेखीखाली लाकडी फरशा, संगमरवर आणि शेकोट्यांच्या चौकटी उखडल्या जाऊ लागल्या. सुरुंगांसाठी भिंतींना हजारो छिद्रे पाडण्यात आली. पकडले गेल्यास गोळी ठरलेली असतानाही लोरेंत्स व त्यांचे सहकारी गिलाव्यावरील नक्षीचे तुकडे, लाकडी तावदाने, फरशीच्या पट्ट्या वाचवून संग्रहालयाकडे नेत राहिले. वरवर पाहता तो राडारोडाच होता. परंतु छायाचित्रावरून नक्षीचा आकार कळतो. तिची खोली, पोत आणि मुलाम्याची छटा सांगू शकतो तो प्रत्यक्ष तुकडाच.

१९४४ च्या उठावादरम्यान जर्मनांनी राजवाडा सुरुंगांनी उडवला. लेखक स्तेफान झेरोम्स्की राहत असत त्या खोलीच्या खिडकीसह भिंतीचा एक भाग तेवढा उभा उरला. उठाव मोडला गेला आणि शहर रिकामे करण्यात आले, तेव्हाही लोरेंत्स स्वस्थ बसले नाहीत. प्रुश्कुव येथून निघणाऱ्या पथकांसह उद्ध्वस्त वॉर्सात जाऊन ग्रंथ, दस्तऐवज व कलावस्तू बाहेर काढण्याची मोहीम त्यांनी चालवली.

युद्ध संपले, तरी पुढची लढाई अधिक चिवट होती. १९४९ मध्ये संसदेने पुनर्बांधणीचा ठराव केला खरा, पण कम्युनिस्ट सत्तेला राजांच्या निवासाची घाई नव्हती. जुने शहर उभे राहिले, राजवाड्याची जागा मात्र मोकळीच राहिली. दोन दशकांहून अधिक काळ लोरेंत्स यांनी हा विषय थंड होऊ दिला नाही. अखेर सत्ताबदलानंतर २० जानेवारी १९७१ रोजी निर्णय झाला. खर्च देशातील व परदेशातील पोलिश नागरिकांच्या देणग्यांतून उभा राहिला.

नव्याने बांधलेल्या वाड्याला खरा म्हणायचे का, हा आक्षेप तज्ज्ञांमध्ये होताच आणि तो अगदीच निराधार नव्हता. त्याला उत्तर होते ते जपून ठेवलेल्या तुकड्यांमध्ये. मूळ नक्षी आणि तावदाने नव्या दालनांत आपापल्या जागी बसवली गेली आणि उरलेले काम त्यांच्या बरहुकूम कारागिरांनी पुरे केले. युद्धात लुटली गेलेली व नंतर परत मिळालेली बेलोत्तोची वॉर्साची नगरदृश्ये पुन्हा त्यांच्या दालनात लागली.

१९ जुलै १९७४ रोजी, बरोबर सव्वाअकरा वाजता, मनोऱ्यावरील घड्याळ पुन्हा सुरू झाले. दालने लोकांसाठी खुली व्हायला मात्र १९८४ उजाडले. लोरेंत्स तेव्हा पंच्याऐंशी वर्षांचे होते. मार्च १९९१ मध्ये वॉर्सातच त्यांचे निधन झाले.